रिकाम्या गादीचा श्वास

संगणकावरची रेघ वर जाई, क्षणभर थांबे आणि खाली उतरताना जराशी अडखळे. वडील चाचणीसाठी गादीवर झोपले, की उतारावर ती बारीक चुणी पडेच. संथ पाण्यात एका लाटेला दुसरी हलकेच टेकावी तशी. धाकटीला ती बरेच दिवस दिसत होती. कारणाचा अंदाजही होता. नुसतं बोलणं राहून जात होतं.

गादीखाली दोघी बहिणींनी बनवलेली पातळ चटई होती. एकट्या राहणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत मोजायचा, थांबला तर शेजाऱ्यांना कळवायचं, एवढंच तिचं काम. सरकारी अनुदानाचा पहिला टप्पा त्यात संपला होता. दुसऱ्यासाठी उद्या तपासणीला अधिकारी येणार होते. तो मिळाला नाही, तर कार्यशाळेला कुलूप.

दुपार पेंगुळली होती. खिडकीच्या पडद्यातून गाळून आलेलं ऊन भिंतीवर सावकाश हलत होतं. थोरली नेहमीसारखी उशाशी खुर्ची ओढून, कोपरं गादीवर टेकून बसली होती. प्रत्येक चाचणीला कुणी ना कुणी असंच बसलेलं असे. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. वडील अलगद उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

रेघ चालूच राहिली. शांत, गुळगुळीत, आता चुणीशिवाय. कोपऱ्यात हिरवा दिवा: सर्व ठीक.

धाकटी बघतच राहिली. रिकाम्या गादीवर कुणीतरी गाढ झोपलं होतं. रेघ इतकी सुरेख होती, की क्षणभर तिला ते खरंच वाटलं.

वडील पेला घेऊन तिच्यामागे येऊन उभे राहिले. "मी इथे आणि माझा श्वास तिकडे? बरं झालं. उद्यापासून मला झोपायची सक्ती नको."

थोरली दचकून जागी झाली. "काय गं? आकडे बिघडले का?"

"छान आहेत. पण तुझे आहेत."

थोरलीने गादीकडे पाहिलं, मग आपल्या कोपरांकडे. "उद्या लांब बसते."

"लांब बसलीस की एकट्या बाबांची रेघ पुसट होते. पाहिलंय मी."

"मग जवळ बसते. गपचूप."

"श्वास घेऊ नकोस म्हणजे झालं," वडील म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनी पेला खाली ठेवला.

हिरवा दिवा अजून लागलेलाच होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "उद्या त्यांना सांगायचं. आपलं यंत्र अजून तयार नाही."