ही बाई घाईत नाही

कानसेननं सुई रेकॉर्डवर टेकवली आणि डिंकानं चिकट झालेली बोटं शर्टाला पुसत तो टेबलाकडे वळला. टेबलावर शंभराव्या अंकाची पानं पसरली होती. बाकी सगळी भरलेली, मधलं एकच पान कोरं. तिथं काय जायचं तेही ठरलेलं होतं: बावीस वर्षांपूर्वी त्यानं याच रेकॉर्डवर लिहिलेला मजकूर आणि खाली आजच्या चार ओळी. त्या लिहिण्याआधी गाणं पुन्हा एकदा ऐकून घ्यावं, एवढाच त्याचा विचार होता.

खोलीत आलं ते मात्र भलतंच. कुणी एक मुलगी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत असल्यासारखी गात सुटली होती आणि ड्रम तिच्यामागं धापा टाकत होता. रेकॉर्ड चुकली की काय म्हणून त्यानं वाकून पाहिलं. रेकॉर्ड तीच होती, मधल्या कागदावर हातानं काढलेली खुर्चीही तीच. मग त्याच्या ध्यानात आलं. जुना प्लेअर गेल्या महिन्यात कायमचा बसला होता. या नव्यावर त्यानं सकाळी नाचाची एक रेकॉर्ड ऐकली होती आणि तेव्हापासून वेगाचं बटण पंचेचाळीसवरच राहिलं होतं. हे गाणं तर तेहतीसचं. मिनिटाला तेहतीस फेरे, सावकाश, भारदस्त.

बटण मागं सारायला तो निघाला खरा, पण सरळ चालत जाणं या माणसाला कधी जमलंय? पायात पानांचा गठ्ठा आला, पानं घरभर झाली, ती गोळा करेपर्यंत गाणं संपलं. आणि शेवटचा तो आवाज आला.

त्या आवाजावर 'खरखर'च्या वाचकांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती. 'खरखर' हे त्याचं मासिक. मासिक म्हणायचं आपलं, निघायचं जमेल तेव्हा. ज्या बँडना कुठला पेपर विचारत नाही, ज्यांच्या रेकॉर्डी दुकानात मागच्या खोक्यात पडतात, त्यांच्यावर हा माणूस रात्रंदिवस टाइपरायटर बडवायचा आणि झेरॉक्स काढलेले अंक सभागृहांच्या दारात उभा राहून खपवायचा. तर या गाण्याच्या शेवटी एक खोल, घोगरा, लांबलेला आवाज होता. कुणी म्हणे जुनं दार, कुणी म्हणे म्हातारं जनावर. कानसेननं स्वतः अर्धं पान खर्ची घालून तो 'घराचा उसासा' असल्याचं सिद्ध केलं होतं.

आज तो उसासा स्वच्छ शब्दांत बोलला. मुलीचा आवाज होता, दम लागलेला.

"झालं? की परत घ्यायचं?"

कानसेन तिथंच जमिनीवर बसला. मग उठला, रेकॉर्ड काढली, खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली. मधल्या कागदालगत, जिथं खाचा संपून गुळगुळीत काळा पट्टा उरतो, तिथं कुणीतरी टोकदार वस्तूनं ओरखडून दोन आकडे लिहिले होते. चार आणि पाच.

"हे नवीन कुठलं लावलं होतंस रे?" ताई हात पुसत दारात आली. "छान होतं. चक्क पाय हलत होता माझा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नव्व्याण्णव अंकांच्या पाठीत स्टेपलरच्या पिना मारल्या त्या हिनं, आणि नव्व्याण्णव वेळा हे मासिक वाचणाऱ्यांची कीव केली तीही हिनंच. या गाण्याला तर ती पहिल्या दिवसापासून रडगाणं म्हणत आली होती. कानसेननं तिला कसंबसं सांगितलं. तिनं रेकॉर्ड पाहिली, बटण पाहिलं, भावाचं तोंड पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरेना तिला. बावीस वर्षं जगाला कान कसे वापरावेत ते शिकवलंस की रे, म्हणाली.

त्याला हसू येत नव्हतं. या एका रेकॉर्डनं त्याला उभं केलं होतं. तिसऱ्या अंकात त्यानं लिहिलं होतं, 'ही बाई घाईत नाही. आपण सगळे धावतोय आणि ही एकटी बसून आहे.' वाक्य असं काही पसरलं की लोकांनी ते भिंतींवर रंगवलं. त्या लेखामुळं शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्रानं त्याला रविवारचा दुपारचा तास दिला, तासाचे दोन झाले, नाचाच्या हॉलांतून रेकॉर्डी लावायची बोलावणी येऊ लागली. कानसेन हे नाव तेव्हाच पडलं. आणि ती बाई? ती त्यानंतर तशीच गात आली होती, जड, संथ, खालच्या पट्टीत. हजार माणसं श्वास धरून ऐकायची. दोघं इतक्या वर्षांत चार वेळा भेटले असतील, तेही गर्दीत, नमस्कारापुरते. आज मात्र ती चार वाजता त्याच्या कार्यक्रमाला येणार होती. 'खरखर'चा हा शेवटचा अंक, म्हणून. आणि आठवडाभर तो श्रोत्यांना सांगत होता, की बाईंच्या समोर ती पहिली रेकॉर्ड लावीन.

तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खिडकी उघडली, लावली. कात्री उचलली, ठेवली. पंचेचाळीसवर लावावी, तर बावीस वर्षांची अब्रू दोन मिनिटांत धुळीला. तेहतीसवर लावावी, तर आजवर जी चूक होती तिची आजपासून लबाडी होणार.

"गप्प बस आणि लाव नेहमीसारखी," ताई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिलाही कुठं माहितीये?"

"स्वतःचं गाणं आहे, ताई. तिला कसं माहीत नसेल?"

"मग बावीस वर्षं बोलली का नाही?"

खरा टोचत होता तो हाच काटा. तिला माहीत नसेल तर ती त्याच्या चुकीवर जगली. आणि माहीत असेल तर ती इतकी वर्षं त्याला मनातल्या मनात हसत असेल.

रेडिओ केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तीनलाच तो तिथं जाऊन बसला. बसला कसला, त्या आठ फुटांच्या स्टुडिओत फिरत राहिला, शेवटी काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं हात जोडून त्याला खुर्ची दाखवली. बाईंनी वेळेआधी यावं, दोन शब्द आधी बोलून घ्यावेत, अशी त्याची फार इच्छा होती. ती आली चारला दोन मिनिटं कमी असताना, एकेक पायरी चढत. चष्मा पुसला, ओळखीचं हसली, खुर्ची पुढं ओढून बसली.

"मला तुम्हाला जरा..." त्यानं सुरुवात केली आणि तांबडा दिवा लागला.

स्वागत त्यानं कसं केलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही, तोंडपाठ होतं म्हणून निभावलं. मग म्हणाला, आता ती रेकॉर्ड. त्यानं ती प्लेअरवर ठेवली. इथलं बटणही सकाळच्या माणसानं पंचेचाळीसवर सोडलं होतं. त्याचा हात त्याच्याजवळ गेला आणि थांबला. रेडिओवर तीन सेकंदांची शांतता फार मोठी असते. तंत्रज्ञ काचेवर टकटक करू लागला.

तिनं हात पुढं केला, एका बोटानं बटण तेहतीसवर सरकवलं आणि पुन्हा मांडीवर हात घेऊन बसली. गॅस बारीक करावा इतक्या सहज.

गाणं सुरू झालं. जड, संथ, लोकांच्या ओळखीचं. त्यानं माइक बंद केला.

"कधीपासून माहिती आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही रेडिओवर लावलंत तेव्हा मी दुकानात उभी होते. आधी कळेचना कोण गातंय. मग इतका संताप आला, तशीच इथं आले भांडायला. या जिन्यापर्यंत आले."

"मग?"

"खाली भिंतीवर तुमचं पान चिकटवलेलं होतं. ही बाई घाईत नाही. मला तसं कुणी म्हटलंच नव्हतं कधी. आई म्हणायची, ही सदा घोड्यावर बसून आलेली. शाळेत तेच, लग्नानंतर तेच. दोनदा वाचलं आणि घरी गेले. म्हटलं, बघू तरी असं होता येतं का."

"आणि आलं?"

"वर्षभर दम पुरत नव्हता," ती म्हणाली. "नंतर जमलं."

कानसेनच्या छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. बाई रागावलेली नव्हती, हसत नव्हती, चारचौघांत त्याची लाज राखायला बसली होती. आणखी काय हवं? पण त्याच्या कानात सकाळची ती मुलगी होती, पायऱ्या गाळत उतरणारी, आणि ती काही जाईना.

"तिचं काय झालं?" त्यानं रेकॉर्डकडे मान केली. "ही अशी गाणारी मुलगी. तिचं काय?"

बाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुन्हा पुसला.

"तिला परत कुणी बोलावलंच नाही," ती म्हणाली.

गाणं संपलं. घराचा उसासा झाला. तंत्रज्ञानं बोट दाखवलं आणि कानसेननं माइक उघडला.

"मंडळी, हे गाणं मी बावीस वर्षं चुकीच्या वेगानं लावत आलोय. त्यावर लिहिलेलंही सगळं चुकीचं. ऐकायला मी चुकलो. बाईंनी गायलं होतं ते असं."

त्यानं बटण पंचेचाळीसवर नेलं आणि सुई पहिल्या खाचेवर ठेवली.

ती मुलगी आली ती धावतच. फोनचे चारही दिवे एकदम लुकलुकायला लागले. तंत्रज्ञ पलीकडे एक फोन ठेवून दुसरा घेत होता. शेवटी त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि काचेला लावून धरलं: 'सगळे म्हणतायत वेग चुकलाय. नीट लावा.'

बाईंनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि ती हसली. त्या हसण्यातला दम लागलेला आवाज कानसेननं चार भेटींत कधी ऐकला नव्हता, पण आज सकाळी रेकॉर्डवर ऐकला होता. टेबलाखाली तिची टाच जमिनीवर पडत होती, ड्रमच्या जरा पुढंच. त्याला कितीतरी म्हणायचं होतं, माफी मागायची होती, पण पहिल्यांदाच तो जागच्या जागी बसून राहिला.

"झालं?" रेकॉर्डमधली मुलगी धापा टाकत म्हणाली. "की परत घ्यायचं?"

फोनचे दिवे लुकलुकतच होते. बाई उठली, वाकली, सुई उचलून तिनं पुन्हा सुरुवातीला ठेवली. या खेपेला बटणाला हात लावला नाही.