क्लॅरिनेटवरचं रक्त

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. ग्रीसच्या डोंगरातल्या एका गावात माझं आयुष्य गेलं. काळ्या, कठीण लाकडाची माझी नळी आणि टोकाशी वेताची पातळ पत्ती. वाजवणारा वरचे पुढचे दात या टोकावर टेकवतो आणि फुंकतो. म्हणून माणसाच्या तोंडात काय बिघडलंय, ते मला त्याच्या बायकोच्याही आधी कळतं.

माझा पहिला धनी वांगेलिस. आमच्याकडे जत्रेत आधी वारलेल्या माणसांसाठी विलापाची धून वाजते, मग नाच सुरू होतो. वांगेलिसची धून ऐकून दगडालाही पाझर फुटे. वाजवून झालं की तो रक्ताळलेली पत्ती सगळ्यांना अभिमानाने दाखवी. ‘रक्त नाही तो वादक कसला,’ असं म्हातारे म्हणत. पुढे ऐन उमेदीत त्याचे पुढचे दात पडले. वादकाचे दात वादनातच जायचे, असं म्हणून सगळे गप्प बसले आणि मी पेटीत गेले.

त्याचा मुलगा स्टाथिस मोठा झाला, तेव्हा मला पुन्हा उजेड दिसला. हात बापाचा, फुंकरही बापाची, आणि खोडीही बापाच्याच. ब्रश केला की रक्त येई, म्हणून त्याने ब्रश करणंच सोडलं. हिरड्या घट्ट व्हाव्यात म्हणून तो त्सिपुरोची, आमच्याकडच्या कडक दारूची, चूळ भरी. सिगारेट तर सुटतच नव्हती. हिरड्या लालभडक सुजल्या होत्या, तोंडाला वास येत होता. पण काही ठणकत नव्हतं. न ठणकणारं दुखणं कोण मनावर घेतो?

एका जत्रेत विलापाची धून ऐन भरात असताना त्याचा वरचा दात हलला आणि माझा सूर फाटला. माणसं खाली मान घालून बसली. स्टाथिसची मुलगी अरेती तिथेच होती. तिचं लग्न तोंडावर आलं होतं आणि नवरी घरातून निघताना तिच्यापुढे बापच वाजवत चालणार होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, “बाबा, वादक दुसरा मिळेल हो. पण मी त्याच्यामागून उंबरठा ओलांडणार नाही. उद्या दात दाखवायला चला.”

दोष माझाच आहे याची स्टाथिसला खात्री होती, म्हणून तो मलाही दवाखान्यात घेऊन गेला. कासिमी डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचं तोंड पाहिलं, मग माझी पत्ती.

“हे रक्त कसलं?”

“मेहनतीचं,” स्टाथिस म्हणाला.

“मेहनतीने घाम येतो. हे हिरड्यांच्या रोगाचं रक्त आहे. दातांवर कीटण चढलंय, ते हिरडीखाली उतरून हाड खातंय. गेलेलं हाड परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. रक्त येतं म्हणून ब्रश सोडलात ना? हात मळला की तुम्ही धुणं सोडता का?”

बाईंनी काही खेपांत हिरडीखालचं कीटण काढलं, हलणारा दात शेजारच्या दातांना बांधून दिला. सिगारेट बंद झाली, दारूची चूळही. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश हलक्या हाताने हिरडीच्या कडेला फिरू लागला, दातांच्या फटीत दोरा जाऊ लागला. सुरुवातीला रक्त आलं; तरीही त्याने ब्रश सोडला नाही. हळूहळू ते थांबलं.

लग्नाच्या दिवशी स्टाथिस अंगणापासून चर्चपर्यंत वाजवत गेला. अरेती मागून चालत होती आणि रडत होती. मला तर माझं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

मिरवणूक संपल्यावर म्हाताऱ्या वांगेलिसने मला मांडीवर घेतलं. कितीतरी वर्षांत त्याने मला हात लावला नव्हता. पत्ती स्वच्छ होती. त्याने ती बोटाने पुसून पाहिली, पुन्हा पुसली. मग आपल्या बोळक्या तोंडाने मुलाला विचारलं, “म्हणजे माझेही राहिले असते?”

स्टाथिस त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्याने बापाचा हात हातात घेतला.

मित्रांनो, राहिले असते, हे मला ठाऊक होतं, पण त्याला सांगता आलं नाही. तुम्हाला मात्र सांगते. हिरडीतून रक्त आलं तर ब्रश टाकू नका, आणि ते मिरवत बसण्यापेक्षा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. वांगेलिसला हे सांगणारं कुणी भेटलं नाही.