माहेरची लाइन

देवळीच्या प्रभाकररावांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, नसांचा आजार होता. उन्हाची झळ लागली की त्यांचे पाय लुळे पडत, डोळ्यांपुढं धुकं येई. थंडाव्यात ठेवलं की हळूहळू शक्ती परत येई. उन्हाळ्यात बाहेर काढायचं नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण १९८४च्या मे महिन्यात आष्टीकडच्या खेड्यात त्यांच्या आईनं अंथरूण धरलं आणि शकुंतलाबाईंनी एकच धोशा लावला, "मले मायले पाह्यचं आहे."

प्रभाकररावांनी एक जुनी मिनीबस घेतली. आत पलंग टाकला, स्टोव्ह ठेवला, खिडकीत एसी बसवला, मागं डिझेलचा जनरेटर. गाडी तेच चालवत होते, पण सारा जीव जनरेटरच्या आवाजात. एसी सुरू होताना सगळी ताकद एकदम ओढी, म्हणून आधी पंखा बंद, दिवा बंद, मग एसी. जनरेटर तापला की झाडाखाली थांबायचं, तो निवेपर्यंत बायकोच्या अंगावर ओली चादर घालायची. वाटेतली आर्वी मागं पडली तेव्हा त्यांना बोलणंसुद्धा नकोसं झालं होतं.

गावाच्या वेशीत जनरेटरनं काळा धूर ओकला आणि बंद पडला तो पडलाच.

धाकटा मेहुणा रूपराव धावत आला. त्यानं घरातून गाडीपर्यंत वायर ओढली. एसी नुसता घुमला, सुरू होईना. गाडीतला बल्बही विझत्या निखाऱ्यासारखा.

"बंद करा, एसी जळून जाईन," प्रभाकरराव म्हणाले.

"थांबा भाऊजी, मी येतो." रूपराव सायकल घेऊन गेला.

बऱ्याच वेळानं बल्ब उजळला. एसी घरघरत लागला. मग रूपरावानं आईला बाजेसकट उचलवून आणलं आणि लेकीच्या पलंगाला लागून ठेवलं. म्हातारीनं लेकीचा हात चाचपला.

"कोणाच्या घरी आलो व आपण? लय थंड आहे."

"माह्याच घरी आलीस, माय."

बाहेर प्रभाकररावांनी विचारलं तेव्हा रूपरावानं सांगितलं. गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या विहिरींच्या मोटारी होत्या. त्या चालू असल्या की गावात करंट उरत नसे. त्यानं स्वतःची मोटार बंद केली होती, शेजाऱ्यांच्याही करवल्या होत्या. संत्र्याची झाडं पाण्यावाचून उभी होती.

"किती तगतील?"

"आजउद्या तगतील. पुढचं नाई सांगता येत."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रभाकररावांनी हे बायकोला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला दोनदा विचारावं लागलं.

"काल काऊन नाई सांगितलं?"

"तू मायजवळ निजली होतीस."

शकुंतलाबाईंनी भावाला हाक मारली. "रूपराव, मोटारी चालू करजो. आम्ही उद्या पहाटे, गारव्यात निघतो."

"बाई, माय विचारीन ना."

"मीच सांगतो तिले," शकुंतलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मोटारी चालू झाल्या, एसी बंद पडला. प्रभाकरराव बादलीत चादर भिजवून आळीपाळीनं दोघींच्या अंगावर पसरत राहिले. पहाटे बाज घरात नेताना म्हातारीनं लेकीचं बोट सोडलं नाही. रूपरावाला ते हलकेच सोडवावं लागलं.

उजाडायला गाडी आर्वीच्या रस्त्याला लागली. शकुंतलाबाई मागून म्हणाल्या, "तुम्ही निजलेच नाई ना?"

"नाई," ते म्हणाले, आणि पहाटेचा गार वारा मागं जावा म्हणून काच खाली केली.