पेपर न देता शंभर

आमच्या शाळेच्या गुणपत्रिकेवर आकडे नसतात, गुण फक्त अक्षरी. पूर्वी कुणीतरी एकाचा नऊ केला होता म्हणे. यंदा आकड्यांचे शब्द करणारा प्रोग्रॅम मी लिहिला. मी! शून्य ते शंभर, एकशे एक शब्दांची यादी हातानं टाइप केली (एकोणऐंशी दोनदा चुकलं) आणि आठवडाभर मान ताठ करून हिंडले.

क्लार्ककाका गैरहजर मुलांपुढे उणे एक टाकतात. जुनी सवय. तिथे आला की प्रोग्रॅम थांबायचा आणि लाल अक्षरांत सांगायचा, ‘आकडा मर्यादेबाहेर’.

“बाळ, हे तुझं यंत्र सारखं फुगून बसतंय,” काका वैतागले. “सहाशे पत्रिका छापायच्यात मला!”

“एवढंच ना?” म्हणत मी प्रोग्रॅममधली ती तपासणीची ओळच उडवली. सगळं झरझर छापून झालं.

आज पहिल्या तासाला पत्रिका वाटल्या. माझी जिवाभावाची मैत्रीण चिमणी कुबड्या टेकत आली. पाय मोडल्यामुळे ती गणिताला बसलीच नव्हती.

“गणितात शंभर!” ती कानात कुजबुजली. “तूच केलंस ना? कसली भारी आहेस गं!”

तपासणी नसली तर उणे एक म्हटलं की कॉम्प्युटर यादी शेवटून मोजतो. यादीत शेवटी शंभर. म्हणजे सगळे गैरहजर...

“चिमणे, हे चुकलंय. सोमवारी फेरपरीक्षा आहे. ती बुडाली आणि नंतर कुणी तपासलं तर थेट नापास.”

“कोण तपासतंय? गप्प बस ना, प्लीज. मला भागाकारसुद्धा धड येत नाही.”

गप्प बसले असते तर मीही वाचले असते. पण पाय केव्हाच जिन्यावर पोचले होते.

“अशी किती मुलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“माहीत नाही, बाई.”

“माहीत नाही?”

मी ती ओळ परत घातली. प्रोग्रॅम थांबला. नाव लिहिलं, पुढे ढकलला, पुन्हा थांबला. अकरा वेळा लाल. ती अकरा नावं लाउडस्पीकरवर मीच वाचली, आणि चूक कुणाची तेही.

वर्गात परतले तर चिमणी खिडकीबाहेर बघत बसलेली.

“सरक.”

ती सरकली नाही. मी बाकाच्या टोकावर अर्धी अधांतरी टेकले आणि गणिताचं पुस्तक उघडलं.

“भागाकारापासून सुरू करू,” मी म्हटलं. “सोमवारला अजून तीन दिवस आहेत.”

“बोलू नकोस माझ्याशी,” ती म्हणाली. पण पेन्सिल काढली.