दूध डेअरीतला गेम

त्या साली वडवणीकडं दुष्काळ असा पडला, की तळ्यातले बेडूक पोहायचं विसरले आणि धूळ उडवत रस्त्यानं चालू लागले. एक तर एसटीत चढला म्हणतात. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

गावातली जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध डेअरी बंद पडली. उरला डेअरीचा कॉम्प्युटर आणि तो चालवणारी शिवकन्या. तिनं रिकामपणी एक मोबाईल गेम बनवला: 'टँकर आला'. कळशी घेऊन पळायचं, नंबर लावायचा, पाणी न सांडता घर गाठायचं. चेअरमन अर्जुनरावांनी तो खेळून बघितला, दोनदा पाणी सांडलं आणि म्हणाले, "दूध न्हाई तर डेअरीनं हेच काढावं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोजायचं. दहा हजार लोक खेळत असले तर ठीक, न्हाई तर खोलीत कडबा भरू."

शिवकन्येला कडब्याचं काही नव्हतं. मोजणीच्याच दिवशी सकाळी ऊसतोडीचा ट्रक येणार होता आणि आई सत्यभामेशेजारी तिचीही जागा धरलेली होती. एकदा फडात उतरलं, की कॉम्प्युटर हाताला पुन्हा लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

अर्जुनरावांना डेअरी चालवायची एकच रीत माहीत: सकाळ-संध्याकाळ संकलन. भोंगा वाजला, की एकशे बारा सभासद किटलीऐवजी मोबाईल घेऊन रांगेत उभे राहायचे. सेक्रेटरी त्रिंबक फॅट मापावी तशी एकेकाची तक्रार मापायचा. "पाणी लई हाय हिच्यात," म्हणून पातळ तक्रारी तो तिथूनच परत पाठवी.

छबुबाईची तक्रार मात्र घट्ट निघाली.

"मी कळशी ठिवली, भाकरी टाकायला गेले, येऊन बघते तर माझा नंबर गेला! असं कुठं असतंय का गं?"

"मावशी, तुमी गेम बंद केलता ना," शिवकन्या म्हणाली.

"मी गेलते बाई. कळशी हुती की तिथं!"

"म्हशीचं हाय," त्रिंबक गंभीरपणे म्हणाला. "घे ही तक्रार."

शिवकन्या दोन दिवस खपली. आता गेम बंद करा, शेतात जा, सरपण आणा, घोरत पडा. कळशी रांगेत आपली आपण सरकायची. नंबर आला, की फोनमधून छबुबाईचाच आवाज ओरडायचा, "टँकर आला गं!"

खेळणारे आठ हजार झाले. तेवढ्यात बेंगळुरूच्या एका बड्या कंपनीनं तसाच गेम आणला. त्यांची माणसं तीनशे. टँकर आरशासारखा, बायांच्या अंगावर पैठण्या, पाणी निळंशार.

"निळं पाणी?" छबुबाई म्हणाली. "जुलाब लागतील की समद्यांना."

पण लोक तिकडं पळाले. आठाचे तीन हजार झाले. नवरात्र बसलं तेव्हापासून शिवकन्येनं आकडा बघायचंच सोडलं आणि कोयत्याला धार लावून घेतली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला. सत्यभामेनं बोचकी चढवली. शिवकन्येनं चाकावर पाय ठेवला आणि मुकादम बंकटच्या खिशातून छबुबाई ओरडली, "टँकर आला गं!"

"मुकादम, तुमी कंपनीचा खेळत होता ना?"

"काढून टाकला तो! जरा फोन खिशात घातला, की नंबर जातोय त्यात. भरल्या रांगेत ठिवलेली कळशी ढकलून देत्यात, माणसं हायत का कोण? घाटनांदूरच्या टोळ्या नवरात्रातच गेल्या, त्यांनी बी तो ट्रकमधीच पुसून टाकला. समदे तुझ्याच रांगेत हायत."

त्याचं संपेपर्यंत ट्रकभर एकेक फोन ओरडायला लागला. छबुबाईचं तोंड एवढं कधीच चाललं नव्हतं, आणि हे तिला ओळखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

धोतर सावरत त्रिंबक डेअरीतून पळत आला. "अकरा हजार चारशे! पुण्याचे, नागपूरचे, कुठले कुठले! कामावर जाणारी माणसं म्हणं, टक लावून बसायला सवड न्हाई त्यांना. आन् कंपनीचा फोन आलता. गेम तपासायला तुमची किती माणसं, म्हणं. म्हटलं, एकशे बारा, दोन टाईम."

मागून अर्जुनराव आले. "पोरी, खाली उतर. कडबा बाहेरच राहू दे."

शिवकन्येनं चाकावरचा पाय खाली घेतला. सत्यभामेनं वरून वाकून तिच्या हातातला कोयता काढून घेतला.

"मला दोन बरे. एकाची धार गेली की दुसरा." मग तिनं पदर डोळ्यांना लावला. धूळ गेली म्हणाली. धूळ होतीच म्हणा.

ट्रक गेला. टँकर दुपारनंतर यायचा होता. शिवकन्येनं आपली खरीखुरी कळशी त्रेचाळिसाव्या नंबरावर ठेवली, लिंबाखाली आडवी झाली आणि महिन्याची झोप तासाभरात ओढून काढली. सावली सरकेल तशी रांगही तीनदा सरकली. तिन्ही वेळा मागच्या बाईनं तिची कळशी पायानं अलगद पुढं सारली.

"टँकर आला गं!"

शिवकन्येनं झोपेतच फोन चाचपला. फोन बंद होता. खुद्द छबुबाई डोक्याशी उभी होती.