न झालेल्या स्पर्धेचा निकाल

आमच्या खजिनाशोध स्पर्धेत पहिला नंबर आला तो ती बंद पाडायला आलेल्या साहेबांचा.

असं काहीही घडलेलं नाही. त्या रविवारी आम्ही सगळे आपापल्या घरी होतो. अकरा मोटारी, पाच गावं आणि एक रेडिएटर यांच्याशी आमचा काडीचाही संबंध नाही. हे स्पष्ट करून झालं, आता काय झालं ते सांगते.

आमच्या गावापुढच्या पाच गावांना डॉक्टर नाही, सिस्टर आहे. दर आठवड्याला ती जुन्या पेट्रोल व्हॅनमधून फेरी मारायची. कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाचं बाळ, कुणाची पट्टी. ती व्हॅन वर्षाच्या सुरुवातीला गेली. गेली म्हणजे चोरीला नाही, देवाघरी. सिस्टर तीन महिने स्कूटरवरून फिरली, वजनकाटा पाठीला बांधून. मग आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं: महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत वाहन स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने मुख्यालयाच्या आवारात हजर करावे, अन्यथा फेरी कायमची बंद आणि सिस्टरची बदली.

आमच्या आत्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. आत्या चष्मा काढते तेव्हा घरातले पुरुष अंगणात काहीतरी काम शोधतात. ती निवृत्त बस ड्रायव्हर. त्याच पाच गावांची बस तिने सव्वीस वर्षं चालवली आणि त्यात एकदाही हॉर्न उगाच वाजवला नाही, असं ती स्वतः सांगते.

"पाना काय म्हणतो?" तिने विचारलं.

पाना म्हणजे आमचा मेकॅनिक. त्याच्या हातात कायम पाना असतो, लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. त्याने व्हॅन उघडून बघितली होती. "ताई, इंजिन वाघ आहे. पण बॅटरी, रेडिएटर, कार्बोरेटर, फॅनबेल्ट आणि सायलेन्सर, हे पाच गेलेत. या मॉडेलचे नवे कुठे मिळत नाहीत."

"जुने?"

"जुने तुमच्या पाच गावांत पडलेत. प्रत्येक गावात याच मॉडेलची एक मेलेली गाडी आहे. एकीत तर कोंबड्या राहतात."

मी म्हटलं, "मग टेम्पो काढू आणि मागून आणू."

"मागून आणलं तर भीक होते," आत्या म्हणाली. "शोधून आणलं तर खजिना. आणि शहरातल्या लोकांना एकदा कळू दे, नदीच्या पलीकडे माणसं राहतात ते."

तर असा खजिनाशोध ठरला. गावकऱ्यांनी एकेक भाग आनंदाने दिला (कोंबड्यांचं मत विचारलं नाही). आत्या स्वतः जाऊन पाच ठिकाणी पाच भाग लपवून आली. स्पर्धकांनी मोटारीतून फिरायचं, खुणा ओळखायच्या, भाग पानाच्या गॅरेजवर आणायचे. ज्याचे भाग जास्त तो विजेता. प्रवेश फी पेट्रोल-ऑइलसाठी. बक्षीस म्हणून आत्याच्या पहिल्या बसचा रबरी भोंगा. सचिव मी, कारण माझ्याकडे प्रिंटर होता.

परवानगीचा अर्ज त्याच मुख्यालयाच्या आवारातल्या रस्ते कार्यालयात दिला. उत्तर आठ दिवसांत आलं, यावरूनच ते नकाराचं असणार हे ओळखलं. 'सदर मार्गावर नदीवर पूल अस्तित्वात नसल्याने स्पर्धकांच्या जीवितास धोका संभवतो. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.'

आत्या तशीच उठली आणि मला घेऊन कार्यालयात गेली. साहेब पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मागच्या भिंतीवर नकाशा होता. इतका जुना, की घडीच्या जागी गावं फाटली होती.

"साहेब, तो पूल झाल्यापासून मी त्यावरून एकोणीस वर्षं रोज दोनदा बस नेली. ती काय पोहत नेली?"

साहेबांनी नकाशाकडे बघितलं. "नकाशात पूल नाही."

"नकाशा कधीचा आहे?"

"अधिकृत आहे."

"मी वय विचारलं."

"बाई, नवीन नकाशा मंजूर होईपर्यंत हाच नकाशा. आणि स्पर्धा घेतलीत तर मी स्वतः येऊन बंद करीन."

"या की," आत्या म्हणाली. "पत्ता देऊ, की नकाशात बघून याल?"

रविवारी सकाळी नऊला गॅरेजसमोर दहा गाड्या उभ्या होत्या. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको, फोटोग्राफर, एक नवं जोडपं जे अजून एकमेकांशी चांगलं बोलत होतं, वगैरे. मी रांगेने खुणांचे कागद वाटत गेले. अकरावी गाडी पांढरी होती. काच खाली आली, मी कागद दिला, आणि मग आतला इस्त्रीचा शर्ट दिसला.

"हा पुरावा म्हणून ठेवतो," साहेब म्हणाले.

"ठेवा. पेन्सिल हवी का?"

साहेबांचा बेत साधा होता. दहा गाड्यांमागे कशाला धावायचं? खजिनाच आधी जाऊन जप्त करायचा, की स्पर्धा आपोआप बंद. बेत चांगला होता, हे मी आजही मान्य करते.

अकरा वाजता माझा फोन वाजायला लागला. पहिले डॉक्टर.

"अगं, 'गिरणीच्या मागच्या भिंतीत' लिहिलंयस. इथे गिरणीच नाही. व्हॉलीबॉलचं मैदान आहे. एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले गिरणी जळून सोळा वर्षं झाली, तुम्हाला उशीर झाला."

मग फोटोग्राफर. पोस्टाच्या मागचा हौद सापडेना, कारण पोस्टच सापडेना. मग ते जोडपं. शाळेची जुनी विहीर कुठे यावरून ते आता चांगलं बोलत नव्हते.

मी आत्याकडे बघितलं. आत्या शांतपणे स्टूलवर बसून स्पार्कप्लग पुसत होती.

"आत्या, गिरणी आहे का?"

"आहे की. दुसऱ्या स्टॉपला, डाव्या हाताला."

"ती जळली म्हणतात."

आत्याचा हात थांबला. "हो गं. जळली." मग पुन्हा प्लग पुसत म्हणाली, "पण स्टॉपचं नाव गिरणीच आहे ना. भिंतीचा एक तुकडा उभाय झुडपात, तिथेच ठेवलाय मी."

पाचही खुणा तशाच. सव्वीस वर्षं ती ज्या खुणांनी बस थांबवत आली, त्या जमिनीवरून गेल्या होत्या, तिच्या स्टिअरिंगवरून नाही. आणि चाचणी फेरी कुणी घेतली होती? आत्यानेच. चाळीस मिनिटांत पाचही सापडले म्हणून खूश झाली होती. मी सचिव, मी नुसतं टाइप केलं. शुद्धलेखन मात्र चोख होतं.

"फोन कर सगळ्यांना, जागा सांग," पाना म्हणाला. "उद्या दहा वाजेपर्यंत गाडी न्यायचीय."

करत होतेच. पण नदीपलीकडे फोन एकदा लागला तर दहादा लागत नाही, हे शहरातल्या लोकांना कळायला हवं होतं आणि नेमकं तेव्हाच कळत होतं. एक वाजता फक्त डॉक्टरांची गाडी परत आली. पेट्रोल शोधताना रस्ता चुकून त्यांना एका गोठ्याशी सायलेन्सर सापडला होता. पानाने तो लगेच बसवला. नुसता सायलेन्सर. म्हणजे गाडी चालली असती तर आवाज झाला नसता. सिस्टर पायरीवर बसून बदलीच्या गावाची बस किती वाजता असते ते विचारायला लागली.

तीन वाजता पांढरी गाडी आली. धुळीने माखलेली, बंपरला गवत. साहेब उतरले. इस्त्री संपली होती. त्यांनी मागचं दार उघडलं. सीटवर ओळीने बॅटरी, रेडिएटर, कार्बोरेटर आणि फॅनबेल्ट, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.

डॉक्टरांनी विचारलं, "साहेब, गिरणी सापडली तुम्हाला?"

"नकाशात आहे," काखेतली नकाशाची प्रत थोपटत साहेब म्हणाले. "गिरणी, पोस्ट, विहीर, सगळं नकाशात आहे." आवाजात अभिमान होता, तो त्यांनी लगेच घशात दाबला. "हे चार नग जप्त केले आहेत. स्पर्धा बंद."

आत्या उठली. चष्मा काढला. पाना अंगण शोधायला लागला.

"चार कसे साहेब? नियमाने पाचही जप्त करा. पाचवा कुठेय ते दाखवते." तिने व्हॅनखाली बोट दाखवलं. "बसवलाय."

"काढा."

पाना वाकला, पान्याने टकटक केलं. "नाही निघत साहेब. जाम झालाय."

दोन तासांपूर्वी बसवलेला सायलेन्सर. मी छताकडे बघत राहिले.

"मग पूर्ण वाहन जप्त," साहेब म्हणाले.

"करा. कसं नेणार? ओढायला गाडी आहे?" नव्हती. "रविवारी मिळेल?" नाही मिळणार. "मग चालवतच न्यावं लागेल. आणि चालवायचं तर तुमचे चार नग हिच्यात बसवावे लागतील. नाहीतर ठेवा इथेच मुद्देमाल आणि लिहा अहवालात, की न्यायला जमलं नाही म्हणून सोडून आलो."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग सिस्टरकडे. मग एक पेन काढलं. "किती वेळ लागेल?"

"दोन तास," पाना म्हणाला, आणि दीड तासात केलं. व्हॅन आधी खोकली, मग चिडली, मग चालू झाली. सिस्टर रडली नाही. तिने वजनकाटा उचलून मागे ठेवला, एवढंच.

साहेबांना तो गिअर जमेना. मग निवृत्त सरकारी चालक म्हणून आत्या बसली. शेजारी साहेब, मागे मी आणि सिस्टर. मुख्यालय डावीकडे, वीस मिनिटांवर. आत्याने गाडी उजवीकडे वळवली आणि पुलाच्या मधोमध नेऊन थांबवली.

"उतरा साहेब. खाली बघा. काय दिसतं?"

साहेब कठड्यापाशी गेले. "पाणी."

"आणि आपण कुठे आहोत?"

साहेबांनी कठड्यावर बोट वाजवून बघितलं. सकाळपासून ते या पुलावरून दोनदा गेले होते. "नोंदीनुसार," ते म्हणाले, "आपण पाण्यात आहोत."

"चांगलं आहे," आत्या म्हणाली. "मग अहवाल सुकवून लिहा."

संध्याकाळी सहाला व्हॅन मुख्यालयाच्या आवारात उभी राहिली आणि साहेबांनी जप्तीची पावती दिली. सोमवारी पावणेदहाला सिस्टरने ती आरोग्य कार्यालयाच्या टेबलावर ठेवली: 'वाहन स्वतःच्या इंजिनाने, चालू स्थितीत, आवारात जमा. रविवार, सायंकाळी ६.' खाली सही आणि सरकारी शिक्का. 'स्वतःच्या इंजिनाने' हे शब्द त्या पावतीत कसे आले, हे मी साहेबांना विचारलेलं नाही. फेरी चालू राहिली.

अहवालाचं मात्र साहेबांना जड गेलं असावं. स्पर्धा झाली म्हटलं, तर ती जिंकली कुणी हे आलं, आणि नसलेल्या पुलावरून विजेता कसा गेला हेही आलं. शुक्रवारी निर्णय आला: 'कोणतीही स्पर्धा झाल्याचे आढळून आले नाही. सबब वाहन परत करण्यात येत आहे.' आत्याने व्हॅनमध्ये ठेवलेला बक्षिसाचा भोंगा मात्र परत आला नाही. तो पांढऱ्या गाडीवर बसवलेला मी स्वतः बघितला आहे.

आम्हीही निर्णयाचा मान राखतो. म्हणूनच काल मी रस्ते कार्यालयात पुढील अर्ज दिला:

'महोदय, यंदा न झालेली खजिनाशोध स्पर्धा पुढील वर्षीही त्याच मार्गावर, त्याच अस्तित्वात नसलेल्या पुलावरून न होण्यास परवानगी मिळावी. तोपर्यंत भिंतीवरील नकाशात कोणतीही सुधारणा करू नये, अन्यथा गतविजेत्यांना गिरणी सापडणार नाही. तसेच त्यांना त्या दिवशी किताब राखता यावा, यासाठी त्यांची एक दिवसाची पगारी रजा आणि शर्टाच्या इस्त्रीचा खर्च कार्यालयाने मंजूर करावा, ही विनंती.'