अण्णांच्या मापाची खुर्ची

अण्णा पाणी पीत नव्हते. अगदीच पीत नव्हते असं नाही, पण सकाळी भरून ठेवलेली बाटली दुपारी जेवायच्या वेळेला जशीच्या तशी असायची, आणि विचारलं की "प्यालो की मघाशी" म्हणून धडधडीत खोटं बोलायचे.

सून शिवणकाम करायची. बायकांचे कपडे, घरातच, पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन टाकून. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची आणि चिडवायचं असलं की सासरेही तेच म्हणायचे. गिऱ्हाईक अर्ध्या इंचाने सुटलं तरी दारातून आत येतानाच तिला कळायचं, मग बाटलीतलं पाणी काय लपून राहणार? एक दिवस तिने मशीन थांबवलं, बाटली उचलली आणि त्यांच्या नाकासमोर धरली.

"अण्णा, हे काय चाललंय?"

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. अडचणीत सापडला की काचेबाहेर बघत बसायचा.

"पाणी प्यालं की उठावं लागतं," ते म्हणाले. "उठायचं म्हटलं की तुला हाक मारावी लागते. तू मशीन थांबवतेस, येतेस, काखेत हात घालून मला उचलतेस. दिवसभर हेच करत बसशील तर शिवशील कधी?"

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, त्याला आता बरेच महिने झाले होते. काठी घेऊन चालत होते, छान चालत होते. उभ्या असलेल्या अण्णांना काहीही दुखणं नव्हतं. गाडं अडायचं ते बसल्यावर उठण्यापाशी. त्यातून घरातला सोफा असा खोल, की धडधाकट माणूससुद्धा त्यातून वर यायला दोनदा विचार करी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या जोर दिला की मागे पळायच्या. पलंगाबद्दल तर बोलायलाच नको.

"आणि तसंही," अण्णा खिडकीकडेच बघत म्हणाले, "ताईला फोन केलाय मी. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतेय न्यायला. तिच्याकडे दिवसभराची बाई आहे. पैसे घेऊन उचलणाऱ्या माणसाला हाक मारायला लाज वाटत नाही."

ताई म्हणजे त्यांची मोठी लेक. लेक चांगली, जावई चांगला, घर मोठं, प्रश्न तो नव्हताच. अण्णांना जायचं नव्हतं आणि ते निघाले होते, हा प्रश्न होता. सुनेने तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "मला न विचारता फोन केलात? बरं केलंत. छान केलंत." आणि जाऊन मशीनवर बसली ती अशी, की त्या दिवशी शिवलेली एक बाही नंतर उसवावी लागली.

आता ही दोघं कशी राहायची ते सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, सासराच तो, लेकीकडे गेला तर एवढं काय बिघडलं. नवरा सकाळीच औषधाच्या दुकानात कामाला जायचा. मग दिवसभर घरात ही दोघंच. ती शिवायची आणि अण्णा शेरे मारायचे. गिऱ्हाईक जिना उतरलं रे उतरलं की म्हणायचे, "ही बाई कपडे शिवायला देत नाही, भांडायला देते." ती हसू दाबायला तोंडात टाचण्या धरायची. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिला सगळ्यात आधी आपलं म्हणणारा माणूस कोण, तर अण्णा. तिचा फार जीव होता त्यांच्यावर. तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं, ते सोडा.

संध्याकाळी नवरा आला. दोघं उंच बैठकीच्या खुर्च्या बघायला दुकानात गेली. किंमत ऐकून नवऱ्याला अचानक खोकला आला आणि तो खोकत खोकत बाहेर जाऊन उभा राहिला. सुनेने तेवढ्यात दोन खुर्च्यांना टेप लावून बघितली.

"सगळ्या एका मापाच्या आहेत," ती बाहेर येऊन म्हणाली. "रेडिमेड." हा शब्द टेलरबाई ज्या तोंडाने उच्चारते, ते तोंड बघण्यासारखं असतं. "आपण घरी करू."

"कोण आपण?" नवऱ्याने विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. या माणसाने भिंतीत खिळा ठोकायला घेतला, की घरातले सगळे आधी मलमाची ट्यूब शोधून ठेवायचे.

"मी. मापं घ्यायची, कापायचं, जोडायचं. मी दुसरं काय करते दिवसभर?"

जुन्या लाकडाच्या वखारीतून तिने मोडक्या दाराची एक चौकट आणली. लाकूड जुनं, पण आतून खणखणीत. बैठकीला नि पाठीला यंत्रांच्या पॅकिंगच्या फळ्या मिळाल्या, त्या वखारवाल्याने जवळजवळ फुकटच दिल्या. करवत शेजारच्यांची, ड्रिल नवऱ्याच्या मित्राचं. सॅंडपेपर तेवढा नवा घेतला.

मग तिने अण्णांना उभं केलं आणि गळ्यातली टेप काढली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत घेतलं, मग कंबर, मग खांदे.

"खांदे कशाला?" अण्णा म्हणाले. "खुर्चीला कॉलर लावणार आहेस?"

"हलू नका. बोलू पण नका, छाती फुगते."

"पुढे धरायला काहीतरी ठेव बाई. हातात स्टिअरिंग नसलं की मला बसल्यासारखं वाटत नाही."

बोलले हे, पण चेष्टेतच. त्यांच्या मनाने रविवार कधीच धरला होता. बॅगेत काय काय भरायचं याची चौकशी ते रोज करायचे आणि सून रोज ऐकलं न ऐकल्यासारखं करायची.

गॅलरीत काम सुरू झालं. सुनेने लाकडावर खडूने आखलं, करवत चालवली. पहिल्या दिवशी हात भरून आले, दुसऱ्या दिवशी सरावले. नवऱ्याला तिने फळीवर बसवलं होतं, फळी हलू नये म्हणून. एवढं एक काम त्याने चोख केलं. मधल्या रविवारी जेवणाआधी चारही पाय उभे राहिले, आडव्या पट्ट्या लागल्या, फळ्या बसल्या, आणि तिघंही खुर्चीकडे बघतच राहिली.

खुर्ची भली मोठी झाली होती. त्यात अण्णा बसले असते आणि शेजारी आणखी एक अण्णा बसले असते.

"माप चुकलं का?" नवऱ्याने भीत भीत विचारलं.

"माझं?" सून म्हणाली. तिने टेप लावली, कागद बघितला, पुन्हा टेप लावली. मग उरलेल्या एका तुकड्यावरच्या खडूच्या रेघा बघितल्या आणि कपाळाला हात लावून खाली बसली. प्रत्येक तुकड्यावर तिने दोन रेघा मारल्या होत्या. आतली शिलाईची, बाहेरची कापायची. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला होता. शिलाईत जाणाऱ्या कापडाइतकी जास्तीची जागा सोडून तिने लाकूड कापलं होतं, आणि शिलाईत काही गेलंच नव्हतं.

अण्णांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. ऑपरेशननंतर ते असे पहिल्यांदाच हसत होते. सुनेला रडू येत होतं, पण त्या हसण्यापुढे तिला रडता येईना.

"आत घेता येईल की," अण्णा म्हणाले. "उसव आणि आत घे."

उसवली. सगळे स्क्रू काढले, आतल्या रेघेवरून पुन्हा कापलं. पायांची उंची मात्र तिने तशीच ठेवली. खालची दुमड ट्रायल झाल्यावरच घालायची असते. खुर्चीचे हात पुढे लांब काढले, अण्णांच्या मुठीत येतील असे गोल घासले. आणि या वेळी स्क्रू अर्धेच पिळले, कच्च्या टाक्यासारखे.

शुक्रवारी ट्रायल झाली. अण्णा बसले. पाठ टेकली, हात बरोबर जागेवर आले, तळवे जमिनीला पोचले. "वा," अण्णा म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

"आता उठा."

अण्णांनी हातांवर जोर दिला, थोडे वर आले आणि धपकन मागे बसले. पुन्हा जोर दिला. चेहरा लाल झाला, मान ताठ झाली, आणि पुन्हा बसले. नवरा पुढे धावला तर त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"राहू दे गं," अण्णा अगदी मऊ आवाजात म्हणाले. "सुरेख झालीय. तुम्ही वापरा."

ते ओरडले असते तर परवडलं असतं. त्या मऊ आवाजाने सुनेला संताप आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माझा एकही ब्लाउज पहिल्या ट्रायलला बसलेला नाही," ती म्हणाली. "म्हणून काय मी गिऱ्हाइकाला सांगते, राहू दे, तुम्ही घालू नका? पुन्हा उठा. मला बघायचंय कुठे ओढतंय."

ती जमिनीवर मांडी घालून त्यांच्यासमोर बसली. कपडा कुठे अडतो ते माणूस हलल्याशिवाय कळत नाही. अण्णा हलले आणि तिला दिसलं. उठण्याआधी ते पाय मागे ओढू बघत होते, खुर्चीखाली, आपल्या वजनाच्या खाली. आणि खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये जी आडवी पट्टी तिने मजबुतीसाठी ठोकली होती, तिच्यावर दर वेळी त्यांच्या टाचा आपटत होत्या.

"ही पट्टी जाणार," ती म्हणाली.

"मग पुढचे पाय फाकतील," नवरा म्हणाला. दोघांनीही चमकून त्याच्याकडे बघितलं. "नाही म्हणजे... पट्टी मागे न्यायची. आणि पुढे वरच्या कोपऱ्यांत आतून तुकडे ठोकायचे. दुकानातले रॅक तसेच धरलेत."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने लाकडाबद्दल काढलेले हे पहिले उद्गार, आणि ते बरोबर होते. शनिवारी त्याने रजा घेतली. पट्टी मागे गेली, तुकडे बसले, स्क्रू पक्के झाले. पायांची दुमड सुनेने घातलीच नाही, सगळी उंची राहू दिली. उशी शिवली, तिच्याबद्दल मात्र काही सांगायला नको, ती पहिल्या झटक्यात बसली.

"या अण्णा, बघू."

"उद्या," अण्णा म्हणाले. "आज दमलोय."

दमले नव्हते. घाबरले होते. आणखी एकदा सगळ्यांसमोर मागे पडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सुनेला ते कळलं आणि तिने आग्रह केला नाही.

रविवार उजाडला. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मुलाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि भरलेली बॅग शेजारी आणून ठेवली. अण्णा दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर ठेवून दाराकडे बघत बसले. सून मशीनवर एका लेहंग्याची पट्टी मारत होती. म्हणजे मारत असल्यासारखं करत होती. नवरा वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करत होता.

बेल वाजली.

नवरा उठायला गेला, तर सुनेने पाठीमागून त्याचा शर्ट धरला आणि खाली ओढलं. दुसरा हात मशीनवरच होता, पाय पायडलवर. मशीन चालू. तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मशीन थांबलं असतं, आणि ते थांबलं असतं तर अण्णा कधीच उठले नसते. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

मागे लाकूड कुरकुरलं. टाचा सरकल्याचा आवाज आला. एक दीर्घ श्वास, आणि उशी पुन्हा दबली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने नको म्हणून मान हलवली. लेहंग्याची पट्टी कधीच संपली होती, सुई नुसती रिकामी खालीवर होत होती आणि ती पाय मारत होती.

बेल पुन्हा वाजली.

"आलो," अण्णा म्हणाले.

आवाज वरून आला. बसलेल्या माणसाचा नव्हता तो. मग काठी टेकली, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि कडी निघाली.

दारात ताई उभी होती. घाईने जिना चढून आलेली, हातात गाडीची किल्ली. तिने समोर उभ्या असलेल्या वडिलांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. भाऊ बसलेला, वहिनी बसलेली.

"अण्णा, तुम्हाला उठवलं कुणी?"

"कुणी नाही," अण्णा म्हणाले. "सगळे कामात होते. म्हटलं, आपणच बघावं. ती बॅग तेवढी आत ठेव."

तेव्हा कुठे सुनेने मशीन थांबवलं, आणि मग तिला जे रडू आलं ते काही केल्या आवरेना.